शून्य कोणी ठेवला होता?

“काऊन बे? आमच्या मशीनवर तर बरोबर यायचं.”

काका हे तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा जरा हळू.

आयटी पार्कजवळची टपरी, तर्री-पोह्याची प्लेट बाजूला सारून उघडलेला लॅपटॉप, आणि काकांचा १९८६ सालचा, फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम. तलावातल्या पाण्याचा महिनावार हिशेब. जीफोर्ट्रान या आजच्या कंपायलरवर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) चालवला तर पाणी इतकं, की तलाव म्हणावा की अरबी समुद्र!

चूक एका ओळीत होती: टोटल = टोटल + एक्स. टोटल आधी शून्य केलाच नव्हता. मी शहाणपणाने वर ‘टोटल = ०’ टाकलं. आता फक्त शेवटच्या महिन्याचं पाणी आलं.

तेव्हा ट्यूब पेटली. दर महिन्यासाठी पुन्हा चालणारा प्रोग्रामचा तुकडा, म्हणजे सबरुटीन, संपलं तरी टोटल आधीची बेरीज लक्षात ठेवेल, हे काकांनी गृहीतच धरलेलं. प्रमाण फोरट्रान ७७ मध्ये त्यासाठी ‘सेव्ह’ लिहावं लागतं. पण जुने कंपायलर बरेचदा अशा व्हेरिएबलला कायमची जागा द्यायचे, न मागता. आता ती जागा स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, आधीच्या कामाचं उष्टं तसंच पडलेलं.

कंपायलरला ‘नो-ऑटोमॅटिक’, म्हणजे ‘कायमचीच जागा दे’, हा पर्याय देऊन भागलं असतं. पण पुढच्या माणसाला काय कळणार? म्हणून सेव्ह लिहिलं, ‘डेटा’ ओळीत एकदाच, सुरुवातीचा शून्य दिला. आकडे पिवळ्या पडलेल्या प्रिंटआउटशी जुळले.

काकांनी कागदावरून बोट फिरवलं. “म्हणजे इतकी वर्षं चुकीचाच होता का रे?”

मी गार पोहे खात बसलो. तुम्ही काय म्हणाला असता?