दूध घेतलं आहे

क्रूझ जहाजावर सुइटच्या पाहुण्यांच्या दिमतीला असलेल्या माझ्यासारख्या बटलरकडून काय काय करून घ्यायचं याच्या याद्या हल्ली लोक घरूनच घेऊन येतात. बॅगा उघडून कपडे कपाटात लावून घ्या. पहिल्याच दिवशी सूट इस्त्रीला द्या, कारण जहाजावर आगीच्या भीतीने पाहुण्यांना इस्त्री वापरू देत नाहीत. संध्याकाळी येणाऱ्या कॅनपेंचा, म्हणजे एका घासाच्या खाण्याचा, कंटाळा आला तर त्याऐवजी कोळंबी मागा. बंदरावर उतरताना रांग टाळायची असेल तर त्याला सोबत न्या. यात चूक काही नाही. उलट मला यादीवाले पाहुणे बरे वाटतात. "काही नको, सगळं छान आहे" म्हणणारेच शेवटच्या दिवशी फॉर्मवर दहापैकी सहा देऊन जातात.

त्या जूनमध्ये सिएटलहून अलास्काला निघालो तेव्हा एकाच घरचे दोन सुइट माझ्याकडे होते. एकात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. त्याच कॉरिडॉरमध्ये चार दारं सोडून त्याचे आई-वडील, सांगलीहून आलेले. दोन्हीचे पैसे मुलाने भरलेले. त्याच्याकडे यादी होती, टाइप केलेली, क्रमांक घातलेली. सकाळी साडेसहाला कॉफी, मुलांना ग्लूटेन नसलेलं टोस्ट, स्टेकहाऊसमध्ये दोन रात्री खिडकीजवळचं टेबल, केचिकन बंदरातल्या टूरची वेळ बदलून, बुटांना पॉलिश. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'आई-बाबांना हे सगळं द्यायचं, त्यांनी मागितलं नाही तरी.'

आई-बाबांच्या दारावर टकटक केलं तर काकूंनी आधी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"मराठी का रे तू? कुठला?"

"कणकवलीचा, काकू."

"अगबाई. अहो, ऐकलंत का, आपल्याकडचा मुलगा आहे." मग मला, "जेवलास का?"

झालं. माझी बटलरकी तिथेच संपली. बॅगा उघडू देईनात. "माझ्या बॅगेत काय कुठे आहे ते मला ठाऊक आहे, तू कशाला वाकतोस?" काकांचे बूट न्यायला हात पुढे केला तर काकांनी पाय मागे घेतले. "अरे, दुसऱ्याच्या पोराकडून बूट पुसून घ्यायचे? छे." अंथरूणसुद्धा सकाळी काकू स्वतः घालायच्या, त्यामुळे आमची फिलिपिनो स्टुअर्डेस हवालदिल. ती ते सगळं काढून परत घालायची, कारण सुपरवायझर येऊन चादरीचे कोपरे बघतो.

काकूंनी एकच गोष्ट मागितली, मऊ भात. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं त्यांच्याकडे होतं. जहाजावर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, असतातच, गॅलीत, आमच्या स्वयंपाकघरातही एक होता. त्याने माझ्याकडे बघून काही न विचारता एका माणसाचा भात वेगळा लावायला सुरुवात केली. पण भात खोलीत ठेवून संध्याकाळी खायचा नाही, हे काकूंना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. अमेरिकेच्या बंदरांत सार्वजनिक आरोग्य खात्याची माणसं न सांगता तपासणीला चढतात, शंभरपैकी पंच्याऐंशी किंवा कमी गुण मिळाले की जहाज नापास. पाच ते सत्तावन्न अंशांच्या मधे पडून राहिलेलं अन्न चार तासांनी टाकायचंच. "एवढा चांगला भात टाकतोस?" हा प्रश्न काकूंनी मला रोज विचारला.

मुलाला हे कळत नव्हतं असं नाही, पण त्याला राग येत होता. जुनोला उतरायच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही आई-बाबांकडे जाताच नाही असं दिसतंय. त्यांनी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. मला त्यांना आठ दिवस राजासारखं ठेवायचंय." मी हो म्हटलं. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

खोली वाचायला येणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग. ट्रे परत येतो तेव्हा काय उरलंय, टॉवेल किती ओले आहेत, कोणत्या बाजूची उशी दबली आहे. याची ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड असते, बाकी नजर बसावी लागते. काकूंच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला गालिच्यावर खुर्चीच्या चार पायांचे खड्डे होते. खुर्ची मात्र टेबलाशी, जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डे. केबिनचं दार आत उघडतं, म्हणजे कोणीतरी रात्रभर दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसत होतं. पलंगाची एकच बाजू दबलेली. स्टुअर्डेसनेही ते हेरलं होतं. ती म्हणाली, "मॅडम बसून झोपतात." मला वाटलं, चोरांची भीती. आपल्याकडच्या बायकांना अनोळखी ठिकाणी वाटते तशी.

स्कॅगवे बंदरानंतरचा दिवस ग्लेशियर बेचा, म्हणजे हिमनद्यांच्या खाडीचा. आमच्यासाठी सगळ्यात वाईट सकाळ तीच. नॅशनल पार्क दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत घेतं, बार्टलेट कोव्हजवळ पार्कचे रेंजर जहाजावर चढतात, आणि प्रत्येक सुइटला त्याच वेळी बाल्कनीत गरम नाश्ता हवा असतो. गॅली आमच्या कितीतरी मजले खाली. पॅन्ट्रीची लिफ्ट एकच, तीत हाऊसकीपिंगच्या चादरींच्या ट्रॉल्या. एग्ज बेनेडिक्ट लिफ्टसमोर पाच मिनिटं थांबलं की वरचा सॉस फुटतो आणि टोस्टचं चामडं होतं. म्हणून टोस्ट मी वर पॅन्ट्रीतच भाजतो, अंडी शेवटच्या फेरीला मागवतो, प्लेटा आधी तापवून ठेवतो, आणि बाल्कनीतल्या टेबलावरचा कपडा चिमट्यांनी घट्ट बसवतो. त्या पाण्यात कागदी रुमालसुद्धा उडून पडता कामा नये. हे सगळं जुळवायचं तर पाचच्या आत पॅन्ट्रीत उभं राहावं लागतं.

उभा होतो. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. जूनमध्ये तिकडे रात्री दहानंतर सूर्य मावळतो आणि चारच्या आत परत वर. त्यात अलास्कात शिरताना जहाजाची घड्याळं एक तास मागे घेतात. पॅन्ट्रीचं दार अर्धं उघडं होतं. त्यात काका येऊन उभे राहिले. पायजमा, त्यावर स्वेटर नीट बटणं लावून, पायात काकूंच्या चपला, हातात घडी घातलेली कापडी पिशवी.

"दूध आलं का रे?"

माझ्या हातात प्लेटा होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ अजिबात नव्हता. उलट थोडी घाई होती, उशीर झाल्यासारखी.

"आज गाडी उशिरा आहे, काका. चहा टाकतोय, घेता?"

"दोन मिनिटंच. घरी हिला सांगून आलेलो नाही."

उभ्या उभ्या चहा प्यायले. साखर किती, कप कुठे ठेवायचा, सगळं व्यवस्थित. मग मी त्यांना सोबत घेऊन गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत काकू पलंगावर, साडीतच, अशा झोपल्या होत्या की मी तीनदा हाक मारली तेव्हा उठल्या. माझ्या मागे काका बघितले आणि तोंडाला पदर लावला. आधी त्यांनी बाल्कनीच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

वर्षभर चाललंय, म्हणाल्या. दिवसा काही नाही. पेपर वाचतात, हिशोब करतात, व्याजाचे दर तोंडपाठ. पहाटे उजाडलं की दूध आणायला निघतात. सांगलीत कॉलनीतलं कोणीतरी परत आणून सोडतं. इथे उजाडतं कधी आणि मावळतं कधी याचाच पत्ता नाही, म्हणून खुर्ची. "काल मात्र डोळा लागला रे. चार रात्री झाल्या."

"दादांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. त्याला कळलं की तो आम्हाला परत जाऊ द्यायचा नाही. घर विकायला काढेल. मी माझ्या तोंडाने सांगेन, पण तिकडे गेल्यावर, यांच्या डॉक्टरांना दाखवून."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खोलीला बाल्कनी आहे, खाली बर्फाचं पाणी आहे, तेव्हा माझ्या हेड बटलरला आणि सिक्युरिटीला सांगितल्याशिवाय मी राहणार नाही. त्यांनी मान डोलावली. मुलाचा विषय वेगळा. पाहुण्याची तब्येतीची माहिती दुसऱ्या पाहुण्याला द्यायची नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना, हा कंपनीचा नियम आहे. नियम माझ्या बाजूने होता. एरवी या नियमांवर मी जेवढा वैतागतो तेवढा कोणी वैतागत नसेल, त्या दिवशी मात्र त्याचाच आधार घेतला.

पुढचं काम मला आवडलं, हे मान्य करतो. लहान मुलं असली की बाल्कनीच्या दाराला वर उंचावर लावतात ती कडी बसवून घेतली. पडदे जाड असतात, पण मधली फट राहतेच आणि पहाटेचं ऊन नेमकं तिथून उशीवर येतं. पँट टांगायच्या हँगरच्या चिमट्यांनी दोन्ही पडदे वरपासून खालपर्यंत जोडले, खाली टॉवेलची गुंडाळी. बाथरूमचा उंबरा जहाजावर उंच असतो, तिथे रात्री मंद दिवा चालू ठेवला, दारावर मोठ्या अक्षरात 'संडास' लिहून लावलं. रात्रीच्या सिक्युरिटीने कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यावर ते दार लक्षात ठेवायचं कबूल केलं. मला स्वतःला बसता आलं असतं तर बसलो असतो, पण चोवीस तासांत दहा तास विश्रांती हा खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, आणि तो वहीत भरावा लागतो.

मग एक कागद घेतला आणि मार्करने लिहिलं, 'दूध घेतलं आहे.' मुख्य दाराच्या आतून, काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला.

हेड बटलर पोर्तुगीज. मऊ बोलणारा, कागदपत्रांना देव मानणारा. त्याने विचारलं यावर काय लिहिलंय. सांगितलं. तो म्हणाला, "आणि हे चालेल?" मी म्हटलं, माहीत नाही. चाललं. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, साडेचारला उठले, दारापर्यंत गेले, वाचलं, "अगं, दूध आलंय" म्हणाले आणि परत येऊन झोपले. काकूही झोपल्या. दोन्ही बाजू दबलेला पलंग त्या प्रवासात मी पहिल्यांदा पाहिला.

त्याच ग्लेशियर बेच्या दुपारी आम्ही मार्जरी ग्लेशियरसमोर थांबलो होतो. काका बाल्कनीत, शाल पांघरून, मुलगा शेजारी. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बर्फाच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "दीडेक किलोमीटर रुंद असेल." थोड्या वेळाने स्पीकरवर रेंजर म्हणाली, साधारण एक मैल. मुलाने अभिमानाने माझ्याकडे बघितलं. मी चहा ओतत होतो, काकू माझ्याकडे बघत होत्या. असा माणूस पहाटे पाच वाजता काकूंच्या चपला घालून दूध शोधतो, हे त्या मुलाला कोणी सांगितलं असतं तरी पटलं असतं का, कोण जाणे.

केचिकनला पोचायच्या आत मुलाने तो कागद बघितला. काकूंनी वेळ मारून नेली, "अरे, या मुलाने गंमत म्हणून लिहिलंय, आपल्याकडचा आहे ना." त्याला गंमत वाटली नाही. एवढे पैसे मोजलेल्या सुइटच्या दारावर टेपने चिकटवलेला कागद, पडद्यांना हँगर लटकलेले, बाथरूमवर 'संडास'. त्याने मला विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "काकूंच्या सोयीसाठी केलंय, सर." तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल, कसली सोय. त्याने विचारलं नाही. मला अजून ठरवता येत नाही की त्याला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटच्या रात्री काकूंनी बॅगा मात्र मला भरू दिल्या. घडीच्या आत टिश्यू पेपर घातला की साडी मोडत नाही, हे त्यांनी दोनदा करून बघितलं. बॅगा दाराबाहेर ठेवल्या. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पगार वेळेवर देतात ना?"

फॉर्म आला. मुलाच्या स्वतःच्या सुइटसाठी बटलरला दहापैकी दहा. आई-वडिलांच्या सुइटसाठी चार. शेऱ्यात लिहिलं होतं की वयस्कर पालकांना बटलरची कुठलीच सेवा मिळाली नाही, शिवाय खोलीत परवानगीशिवाय हाताने लिहिलेले कागद लावले होते. आमच्याकडे सातच्या खाली गेलं की लेखी स्पष्टीकरण द्यावं लागतं, मग हेड बटलरला सगळं तोंडपाठ असलं तरी. तो फॉर्म हॉटेल डायरेक्टरकडे जातो, तिथून किनाऱ्यावरच्या ऑफिसात, आणि तिथून पाहुण्यालाच त्याचं उत्तर जातं. हेड बटलरने पेन पुढे केलं आणि म्हणाला, "कारण लिहू नकोस. पण काहीतरी लिही."

मी लिहिलं, 'कागद लावले होते. काढले आहेत. दारावर टेपचा डाग नाही.'