उंदीर मथळ्यात हवा

कळंबहून आक्काचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" दुसराही ठरलेला, "तुमची संस्था इकती तरी काय?"

मी सॅन दिएगोत एका ना-नफा जैववैद्यकीय संशोधन संस्थेचं कम्युनिकेशन आणि मार्केटिंग बघते. मार्केटिंग म्हटलं की माल असणारच, हा आक्काचा हिशेब. आमच्याकडं माल नाही, दवाखाना नाही, पेशंट नाहीत. समुद्राकडं तोंड केलेल्या इमारतीत माणसं पेशी वाढवतात, उंदरं पाळतात आणि संशोधनाचे पेपर लिहितात. शेवटी एकदा मी तिला सांगितलं, गावात सप्ताह बसतो तेव्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडणारा आणि आज कुणाचं कीर्तन आहे ते गावभर सांगणारा, ते दोघं मिळून मी. "मग तसं सांग की," ती म्हणाली, "मार्केटिंग कशाला म्हणतीस?"

वर्गणीचं तिला लगेच पटलं. आमच्यासारख्या संस्थांचा मोठा खर्च एनआयएच म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन खात्याच्या अनुदानावर चालतो. पण ज्या कल्पनेवर अजून सरकार पैसे लावणार नाही, तिच्यासाठी देणगीदार लागतात. इथं सॅन दिएगोच्या ला होया भागात तर वर्गणीचा इतिहास डोळ्यांसमोर उभा आहे. 1938 साली अध्यक्ष रुझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध निधी उभारला. त्या 'मार्च ऑफ डाइम्स'साठी लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून थेट व्हाइट हाउसला पाठवली. त्याच पैशातून जोनास साल्क यांची लस आली. ती चालते हे 12 एप्रिल 1955 रोजी जाहीर झालं, आणि पुढं साल्क यांची इथली संस्था उभी राहायलाही त्याच निधीनं हात दिला. देणगीदारांपुढं बोलताना ही गोष्ट मी हमखास सांगते. दरवेळी चालते.

न चाललेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती माझीच चूक.

आमच्या एका गटाचा कॅन्सरच्या गाठींवरचा पेपर मोठ्या नियतकालिकात येणार होता. अशा पेपरवर एम्बार्गो असतो. पत्रकारांना मजकूर आधी मिळतो, पण ठरलेल्या मिनिटापर्यंत कुणी छापायचं नाही. आमची वेळ होती बुधवारी सकाळी आठ, म्हणजे उन्हाळ्यात कळंबला रात्रीचे साडेआठ. पत्रकारांसाठी मी लिहिलेल्या प्रेस रिलीजचा मथळा लांबत होता म्हणून मी 'उंदरांमध्ये' हा शब्द काढला. प्रयोग उंदरांवरचा आहे हे खाली तिसऱ्या परिच्छेदात नीट लिहिलं होतं. तिसरा परिच्छेद वाचतं कोण?

शुक्रवारी आमच्याच घरच्या ग्रुपवर मराठीत फॉरवर्ड आला, अमेरिकेत कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं. खाली आमच्या संस्थेचं नाव. शनिवारी गावाकडच्या ओळखीतल्या एकाचा फोन. बायको दवाखान्यात होती. "ताई, किती पैसे लागतील तेवढं सांगा, शेत काढतो." अजून औषध नाही, असलंच तर कैक वर्षांनी, हे त्यांना सांगायला मला चाळीस मिनिटं लागली. मथळ्यातला एक शब्द वाचवायला चार सेकंद पुरले होते.

हे माझ्या एकटीचं पाप नाही, याचं पुराव्यासकट समाधान आहे, पण फार नाही. 2014 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या 462 प्रेस रिलीज तपासल्या गेल्या. त्यातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या रिलीजपैकी माणसांबद्दल वाढवून बोलणाऱ्या 36 टक्के निघाल्या. रिलीजमध्येच फुगवलं असेल तर 86 टक्के बातम्या फुगलेल्या, नसेल तर 10 टक्के. म्हणजे पत्रकारांच्या नावानं बोटं मोडायची सोय राहिली नाही. तेव्हापासून आमच्याकडं उंदीर मथळ्यातच असतो. देणग्यांच्या विभागातले सहकारी अजून कुरकुरतात, उंदीर बघून चेक येत नाही म्हणतात. न येवो.

असंच एकदा जुने पेपर चाळताना, न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या 2009 च्या एका पेपरमध्ये आमचाच जिल्हा भेटला. तेव्हाचा उस्मानाबाद. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्योंची कॅन्सर संस्था यांचं हे काम. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, त्याच्या एकदाच केलेल्या तपासणीनंही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं त्यातून दिसलं. जगभर या पेपरचा दाखला देतात. माझ्या दोन टेबलं पलीकडं बसणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना तो पाठ होता, फक्त 'उस्मानाबाद' म्हणता येत नव्हतं.

त्या रात्री मीच आक्काला फोन लावला.

"आल्त्या की बार्शीच्या बाया," ती म्हणाली. "घरोघर हिंडल्या. म्हणल्या, आजार झालाय म्हणून न्हाई, हाय का ते बघायला चला. आमी चौघी मिळून गेलो." माझ्या धंद्यात इतकं स्वच्छ वाक्य मी क्वचित ऐकलंय. गटागटानं तपासण्या वेगळ्या होत्या; ती कोणत्या तपासणीच्या गटात होती, ते तिला ठाऊक नाही.

मी तिला आकडे सांगितले. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या 34,126 बायकांत या कॅन्सरनं 34 गेल्या, तपासणीला न बोलावलेल्या 31,488 जणींत 64.

"न्हाई बोलावल्या, त्या का न्हाई?"

तुलनेसाठी, मी म्हटलं. यावरून पुढं वैद्यकीय जगात बराच वाद झाला, तेही सांगितलं. तिला वादाशी घेणं नव्हतं.

"त्या चौसष्ट कुठल्या कुठल्या गावच्या?"

"गावांची नावं छापत नाहीत, आक्का."

"मोजताना तर घेतली असतील की."