अधांतरी पिन आणि तोरिनोतला शनिवार

दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसे एका लांब टेबलाभोवती जमतात. प्रत्येकासमोर एक ब्रेडबोर्ड (तारा खोचून जोडणी करायची भोकांची पाटी), एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम भरता येणारी चिप बसवलेला छोटा बोर्ड), विजेचा प्रवाह अडवणारे मूठभर रेझिस्टर, दोन-चार एलईडी आणि रंगीत तारांचा एक जुडगा ठेवलेला असतो. गेली चार वर्षे इटलीतल्या तोरिनो शहरात मी हा वर्ग विनामूल्य घेते आहे. येणाऱ्यांमध्ये मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक यंत्रकारागीर आहेत, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत, रोपवाटिका चालवणारे एक जोडपे आहे आणि तेरा वर्षांची एक मुलगी आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक, हे यांतल्या बहुतेकांना पहिल्या दिवशी ठाऊक नसते. या वर्गाने मला शिकवण्याविषयी जे शिकवले, ते घरच्या वाचकांना सांगावे म्हणून हे लिहिते आहे.

आर्डुइनोचा जन्म याच प्रदेशातला आहे, हे इथे आल्यावर पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले. तोरिनोच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, दोरा बाल्तेआ नदीच्या काठी, इव्रेआ नावाचे लहान शहर आहे. टंकलेखन यंत्रांसाठी जगभर ओळखल्या गेलेल्या ओलिवेत्ती कंपनीचे हे गाव. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आलेले ‘प्रोग्रामा १०१’ हे टेबलावर मावणारे गणकयंत्र याच कंपनीचे होते, आणि तिच्या कारखान्यांच्या काचेच्या लांबलचक भिंतींसह हे औद्योगिक शहर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. इथल्या इंटरॅक्शन डिझाइन (माणूस आणि यंत्र यांच्यातल्या देवाणघेवाणीची रचना) शिकवणाऱ्या संस्थेत शिकणारे विद्यार्थी अभियंते नव्हते, संकल्पनकार होते. त्यांच्या प्रयोगांना परवडेल आणि पेलेल असा बोर्ड हवा, या गरजेतून आधी एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही प्रणाली उभी केली. तिच्याच पायावर २००५ मध्ये मास्सिमो बांझी, दाविद क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांचा आर्डुइनो आला. नाव गावातल्या एका बारवरून घेतलेले, आणि बारचे नाव १००२ साली इटलीचा राजा झालेल्या इव्रेआच्या आर्दुइनोवरून. बारागानचे नाव या कथेत पुष्कळदा गाळले जाते. मी मात्र प्रत्येक तुकडीला ते आवर्जून सांगते, कारण समोर बसलेली माणसे जी भाषा लिहिणार असतात तिचा साचा त्याने घडवलेला आहे.

माझे स्वतःचे शिक्षण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. तिथे ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचे शिक्षण ‘किट’वर होत असे. किट कपाटातून निघे, छापील पुस्तिकेतले हेक्स कोड (चिपला कळणाऱ्या आज्ञांचे आकडे) आम्ही त्याच्या बटणांवरून एकेक करून भरत असू, उत्तर पडद्यावर उमटले की वहीवर सही होई आणि किट पुन्हा कपाटात जाई. सगळ्या जोडण्या आधीच पक्क्या केलेल्या असत. त्यामुळे चार वर्षांत माझ्या हातून एकही तार चुकीच्या जागी गेली नाही, आणि तार चुकली तर ती कशी शोधायची हेही मला कधी कळले नाही. ते मी नोकरी लागल्यावर, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून, रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर शिकले. वाचनालयातला वर्ग आखताना मी तो ओटा डोळ्यांसमोर ठेवला होता.

म्हणून पहिल्या शनिवारी बोर्डाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी, एवढेच साहित्य. पिवळा, जांभळा, तपकिरी हे पट्टे शोधायचे, एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवायचा, दिवा लागला की व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर घेऊन एलईडीच्या दोन टोकांत किती व्होल्ट आहेत आणि रेझिस्टरच्या दोन टोकांत किती आहेत, हे मोजून लिहायचे. एलईडीवर दोनच्या आसपास येतात, रेझिस्टरवर सातच्या आसपास, आणि दोन्हींची बेरीज बॅटरीच्या आकड्याशी जुळते. ही बेरीज स्वतः मोजून जुळवलेला माणूस किर्खहॉफचा व्होल्टचा नियम विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

व्होल्ट समजावताना मात्र पहिल्या वर्षी माझी मोठी अडचण झाली. आपल्याकडे मी ज्यांना ज्यांना हे शिकवले, त्यांना गच्चीवरच्या टाकीचा दाखला दिला होता. टाकी जितकी उंच तितका तळमजल्याच्या नळाला दाब जास्त, आणि नळ बारीक केला की धार कमी. म्हणजे व्होल्ट, रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) आणि विजेची धारा तिन्ही एका दाखल्यात आले. तो दाखला मी मोठ्या विश्वासाने इटालियनमध्ये सांगितला आणि समोरचे चेहरे कोरेच राहिले, कारण त्यांच्या घरांवर टाकीच नसते. पाणी थेट नगरपालिकेच्या नळातून येते. शेवटी भूगोलाच्या बाईंनीच वाट काढली. खिडकीतून दिसणाऱ्या आल्प्सकडे बोट दाखवून, डोंगरातल्या धरणापासून खालच्या वीजघरापर्यंत उतरणारे जाड नळ आठवा, असे त्या म्हणाल्या, आणि क्षणात सगळ्यांना उमगले. तेव्हापासून परक्या ठिकाणी शिकवताना मी आधी माणसांच्या घरातली आणि गावातली वस्तू शोधते, आणि सिद्धान्त मग तिच्यावर बसवते.

दुसऱ्या शनिवारपासून संगणक उघडतो आणि इथल्या मातीतल्या अडचणी सुरू होतात. इटालियन कळफलकावर महिरपी कंसाची खूण छापलेलीच नसते. तो कंस उमटवायला शिफ्ट, ऑल्ट-जीआर आणि आणखी एक कळ अशा तीन कळा एकदम दाबाव्या लागतात, आणि आर्डुइनोचा प्रत्येक प्रोग्राम तर ‘सेटअप’ आणि ‘लूप’ या दोन महिरपी कंसांच्या जोड्यांनीच सुरू होतो. सत्तरीचा माणूस कंस शोधण्यातच दमून गेला, तर त्याला प्रोग्रामिंग अवघड वाटते. खरे तर अवघड असतो तो कळफलक. त्यामुळे प्रत्येक संगणकाच्या कडेला मी या कळांची चिठ्ठी चिकटवून ठेवते.

याहून खोल रुतलेली अडचण दशांश चिन्हाची. इटलीत अडीच हा आकडा ‘२,५’ असा स्वल्पविराम घालून लिहितात. किती प्रकाशाला दिवा लागावा याची व्होल्टमधली सीमा रोपवाटिकेच्या बाईंनी तशीच लिहिली. काही ठिकाणी अशी चूक झाली की संगणक लगेच अडवतो, पण साध्या बेरीज-वजाबाकीसारख्या विधानात तो स्वल्पविराम सी भाषेला चालतो. ती डावीकडचे २ घेते आणि उजवीकडचे ५ गुपचूप सोडून देते. प्रोग्राम बोर्डावर चढला, कुठेही तक्रार आली नाही, आणि दिवा मात्र नको त्या प्रकाशात लागू लागला. मी शेजारी उभी होते आणि चूक मला दिसत होती. ती सांगावी असे जिभेवर आले होते, पण मी सांगितले नाही. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, सीमेची किंमत छापून पाहा, एवढेच म्हटले. २ हा आकडा दिसल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच्या ओळीकडे परत गेल्या. त्यांना ती चूक सापडली तेव्हा झालेला आनंद दिवा लागण्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

या सगळ्या अभ्यासक्रमात माझा सर्वांत आवडता धडा बटणाचा आहे. त्याच्यावर मी मुद्दाम एक पूर्ण शनिवार खर्च करते. बटणाचे एक टोक पाच व्होल्टला, दुसरे बोर्डावरच्या दोन क्रमांकाच्या पिनला, म्हणजे तार जोडायच्या जागेला, आणि बटण दाबले की दिवा लागावा, असा सरळ प्रोग्राम. सगळे तो लिहितात, आणि दिवा बटणाला हात न लावताच लागतो, विझतो, लुकलुकतो. कोणी तारेजवळ बोट नेले तरी तो बदलतो. दोन वर्षांपूर्वी त्या तेरा वर्षांच्या मुलीने हात पुढे-मागे करून पाहिला आणि बोर्डाला भूत लागले आहे असे जाहीर केले.

इथे मला ‘अधांतरी’ या मराठी शब्दाचा फार उपयोग होतो, जरी तो त्यांना सांगता येत नसला तरी. बटण न दाबलेल्या स्थितीत ती पिन पाच व्होल्टलाही जोडलेली नसते आणि शून्यालाही नसते. ती अधांतरी असते. आपल्या डोळ्यांना ती शून्यावर आहे असे वाटते, कारण ‘काही जोडलेले नाही’ म्हणजे ‘शून्य’, असे आपण मनात धरून चालतो. पण पिनचे आत येणारे टोक इतके संवेदनशील असते की भिंतीतल्या वीजतारांचे आणि आपल्या शरीराचे विद्युतक्षेत्रही तिला एकीकडून दुसरीकडे ढकलते. तिला कोणीतरी हलकेच धरून ठेवायला हवे, आणि ते काम करतो एक मोठा रेझिस्टर. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये असे रेझिस्टर आतच दिलेले आहेत. त्यांचा रोध वीस ते पन्नास किलोओहम असतो, आणि ‘इनपुट पुलअप’ एवढे लिहिले की पिन पाच व्होल्टकडे ओढून धरली जाते. बटणाचे दुसरे टोक मग ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडायचे.

आता दाबले की शून्य आणि सोडले की एक, हे उलटे गणित नवशिक्यांना खटकते. त्यांना मी फ्रिजची आठवण देते, कारण फ्रिजच्या दाराचे बटण दाबलेले असते तेव्हा आतला दिवा विझलेला असतो. हे पटले की पुढच्या आठवड्यात एकदा दाबलेले बटण चार वेळा का मोजले जाते याकडे जाता येते. बटणातली धातूची पट्टी टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरते आणि सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके चालणारी चिप ती प्रत्येक थरथर पाहते, हे ऐकून कारागीर गृहस्थ फार खूश झाले. यंत्राच्या पात्याची थरथर त्यांनी आयुष्यभर कानांनी ओळखली होती.

वेळेचे गणितही असेच अनपेक्षित जागी फसवते. एक मिनिट थांबण्यासाठी भूगोलाच्या बाईंनी ‘डिले’ या सहस्रांश सेकंदांत थांबवणाऱ्या आज्ञेच्या कंसात ६० गुणिले १००० असे लिहिले, आणि दिवा पुन्हा लागलाच नाही. उनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो; गुणाकार त्यापलीकडे गेला की तो ऋण होतो, आणि ती ऋण संख्या ‘डिले’कडे पोचेपर्यंत सुमारे ४९ दिवसांची प्रतीक्षा होऊन बसते. थेट ६०००० लिहिले असते तर काही बिघडले नसते. हे मी फळ्यावर मांडते तेव्हा लोक वहीत उतरवतात, पण स्वतःचा विझलेला दिवा वीस मिनिटे पाहिलेल्या माणसाला ते उतरवावे लागत नाही.

एका गोष्टीची सवय व्हायला मला वेळ लागला. वर्गात सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात आणि मीही म्हणावे असा त्यांचा आग्रह असतो. माझ्या वडिलांच्या वयाच्या कारागिरांना एकेरीत हाक मारणे मला अजूनही जमत नाही. मी त्यांना आदरार्थी ‘लेई’च म्हणते आणि आता त्यांनी ते स्वीकारले आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये सांगलीला गेले तेव्हा एक संच भाच्यासाठी नेला होता. त्याने ठरवलेला पहिला प्रकल्प घरच्या गरजेतून आला होता. सकाळी मोटर सुरू करून सगळे कामाला लागतात आणि गच्चीवरची टाकी भरून वाहते, त्यावर त्याला घंटा हवी होती. आम्ही टाकीत तरंगत्या गोळ्याचा एक स्विच बसवला. टाकी भरली की गोळा वर येतो, स्विच जुळतो, पिन शून्य होते आणि खाली बझर वाजतो. जिन्याच्या खिडकीतून तार खाली आणली, दोन दिवस तो नीट चालला, आणि मी त्याचा व्हिडिओ घेऊन परत आले.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी तो मी वर्गाला दाखवला. आधी अर्थातच गच्चीवर टाकी का असते इथपासून सांगावे लागले, पण या वेळी ती टाकी पडद्यावर होती आणि माझा जुना दाखला सगळ्यांना आपोआप कळला. कारागीर गृहस्थांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, मग वहीत जोडणी काढून घेतली आणि जिन्यातल्या तारेवर पेन्सिल टेकवून विचारले, “ही इथे तुटली तर?” तार तुटली तर पिन पुलअपमुळे एकवरच राहील, बोर्डाला टाकी रिकामीच वाटेल आणि पाणी वाहत राहील. त्यांच्या कारखान्यात यंत्र थांबवण्याचे लाल बटण एरवी जुळलेले आणि दाबल्यावर तुटणारे असे. त्यामुळे उंदराने तार कुरतडली तरी यंत्र थांबे, असे त्यांनी सांगितले. टाकीच्या स्विचलाही तेच हवे, म्हणजे भरेपर्यंत जुळलेला आणि भरल्यावर तुटणारा. मग तुटलेली तार आणि भरलेली टाकी यांची घंटा एकच होईल.

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तिथूनच भाच्याला फोन लावला. सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गच्चीवर चढून स्विचचा गोळा दांडीवरून काढला, उलटा करून बसवला, प्रोग्राममधले एक शून्य बदलून तिथे एक लिहिले, आणि मग जिन्यातली तार मुद्दाम सोडवून घंटा वाजते का ते पाहिले.