बॉयलरवाल्याच्या घरचा गिझर

आई पहाटे पाचला उठते. वय 86, पण कान माझ्यापेक्षा तिखट. डिसेंबरात एकदा हाक मारून म्हणाली, "अरे, न्हाणीत कोण खलबत्ता कुटतंय बघ."

मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये 31 हंगाम काढलेत. अग्निप्रदीपनाची, म्हणजे हंगामाला बॉयलर पेटवायची पूजा झाली की ऑफ सीझन लागेपर्यंत बॉयलरचा आवाज हेच आमचं घड्याळ. अशा माणसाच्या घरातला 25 लिटरचा गिझर दोन महिने खडखडत होता आणि मी "पाइप तापतोय, वाजणारच" म्हणून कूस बदलत होतो. कारखान्यात एखादा फायरमन असं बोलला असता तर त्याला शिफ्टभर राखेच्या हॉपरपाशी उभा केला असता.

कॉलनीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं खालून वर बघितलं, "काका, टाकी गेली, नवा घ्या," म्हणाला आणि गेला. झाकणाचा एक स्क्रूही फिरवला नाही. मला राग आला, त्याचा थोडा आणि माझा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन बसलो. आवाज नेमका कधी येतो हे आधी बघायचं. नळ फटकन बंद केल्यावर 'धाड' झालं तर ते पाइपातलं पाणी आपटतंय. शिट्टीसारखं आलं तर कॉक अर्धवट उघडा किंवा सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कचरा. आमच्याकडे नळ उघडा-बंद करून फरक नाही. बटण दाबल्यावर सहा-सात मिनिटं शांतता, मग बारीक तडतड, मग आई म्हणते तसं कुटणं. लाल दिवा विझला की मिनिटभरात सगळं गप्प. म्हणजे भानगड एलिमेंटपाशीच, पाणी तापवणाऱ्या त्या नळीपाशी.

खात्रीसाठी लाटणं आणलं. कारखान्यात फॅनचं बेअरिंग ऐकायला आम्ही स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायचो. इथं वीज चालू, म्हणून लाकूड. एक टोक गिझरला, दुसरं कानामागच्या हाडाला. वरच्या अंगाला काही नाही. तळाला लावलं तर आत कुणी लाह्या फोडतंय असं. ही दारात उभी. "आता पोळ्या त्यातच लाटणार का?" एवढंच म्हणाली.

मग मेनचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका पाडला, टेस्टर लावून बघितला, पाणी गार होऊ दिलं. इनलेटचा कॉक बंद, गरम नळ उघडा म्हणजे वरून हवा शिरते, आणि टाकी बादलीत रिकामी केली. वायरींचा मोबाइलवर फोटो काढला. ही अक्कल मात्र नातवाची. फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट बसवलेल्या तळाच्या चकतीचे नट सोडवले आणि एलिमेंट हळूच खाली ओढलं. येईना! भोकापेक्षा तेच जाड झालेलं. हलवून हलवून काढलं तेव्हा हातात पांढऱ्या-पिवळ्या दाण्यांनी भरलेलं मक्याचं कणीस आल्यासारखं वाटलं. तांबं कुठंच दिसत नव्हतं. टाकीच्या तळातून दीड तांब्या खर, म्हणजे साठलेल्या क्षाराच्या खपल्या निघाल्या. शेजारचा मॅग्नेशियमचा ॲनोड म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजायला लावलेला दांडा. त्याची नुसती तार उरली होती.

खरीचा एक खडा ताटलीत घेऊन लिंबू पिळलं. फेस आला. कॅल्शियम कार्बोनेट, आमचा जुना ओळखीचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं, ते तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना मागं राहतो, तोही सगळ्यात गरम जागेवर. त्या खपलीखाली पाणी अडकतं, त्याची वाफ होते, बुडबुडा बाहेरच्या गार पाण्यात आला की फट्‍कन मिटतो. असे हजारो मिटले की आईचा खलबत्ता.

क्षार बसला की बिल वाढतं असं सगळे सांगतात. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोयट्यावर चालणाऱ्या बॉयलरला ते लागू आहे. ट्यूबवर खपली बसली की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून जाते. पण गिझरचं एलिमेंट पाण्यातच बुडालेलं, उष्णता जाणार कुठं? 2000 वॉटला 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 35 मिनिटं लागतात, आणि कणीस झालेल्या एलिमेंटलाही जवळपास तेवढीच लागत होती. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी तापतंय ना, मग झालं. आतली तार मात्र खपलीखाली भाजत असते, आणि एक दिवस एलिमेंट फुटतं.

"ॲसिड टाक की बाथरूमचं," शेजाऱ्यांचा सल्ला. ते अजिबात करू नका. कारखान्यातसुद्धा ॲसिडनं ट्यूबा धुताना धातू वाचवणारं रसायन मिसळावं लागतं. आई म्हणाली, आपला तांब्याचा बंब होता तेव्हा दिवाळीआधी मी आत रात्रभर चिंचेचं पाणी भरून ठेवायचे. बरोबरच आहे, तेही सौम्य आम्लच. मी किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणलं, लिटरभर गरम पाण्याला 50 ग्रॅम, आणि उंच प्लास्टिकच्या बरणीत एलिमेंट उभं केलं, वायरी जोडायची टोकं पाण्याबाहेर. तीन तास ते सोडा वॉटरसारखं फसफसत होतं. मध्ये एकदा पाणी बदललं. उरलेलं जुन्या टूथब्रशनं निघालं. पटाशी नाही, हातोडी नाही. टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाला तर लोखंड लावायचंच नाही.

नवा ॲनोड, नवी गॅस्केट. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो, अर्थिंगची वायर पुन्हा तपासली. आणि आधी पाणी. गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार आली तेव्हाच एमसीबी वर केला. कोरडं एलिमेंट काही सेकंदांत जातं.

हे सगळं झालं कशानं? सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांपूर्वीपर्यंत महापालिकेचं, म्हणजे कृष्णेचं पाणी टाकीत चढायचं. ते अपुरं पडायला लागलं म्हणून बोअर जोडली, आणि त्या मीटिंगमध्ये हात वर करणाऱ्यांत मी पहिला. आता बाटलीभर पाणी कारखान्याच्या लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्याकडे नेलं. त्यानं थेंब थेंब टाकत लालसर रंग निळा केला आणि हसला. कठीणपणा 540 पीपीएम, म्हणजे लिटरला 540 मिलिग्रॅम. प्यायच्या पाण्याला 200 पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बॉयलरला मात्र शून्याजवळच लागतं. साखर शिजवायच्या पॅनवरून बॉयलरला परत येणाऱ्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफेच्या पाण्यात, साखरेचा अंश तर नाही ना, म्हणून आम्ही दर तासाला अल्फा नॅप्थॉल टाकून साखर असली की उमटणारी जांभळी रेघ बघायचो. घरच्या टाकीत काय चाललंय हे दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

थर्मोस्टॅट 75 वरून 55 वर आणलाय. पाणी जितकं कमी तापेल तितकी खर कमी. गिझरच्या झाकणावर मार्करनं तारीख आणि 'ॲनोड नवा' लिहून ठेवलंय, लॉगबुकात लिहायचो तसं.

आज पहाटे आईची पुन्हा हाक. गेलो. आमचा गिझर अगदी गप्प होता, लाल दिवा लागलेला. तिनं बोट छताकडे केलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खलबत्ता कुटत होतं.