प्लास्टिक न काढलेलं स्टूल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ओएचसीत, म्हणजे कंपनीतल्याच दवाखान्यात, आठवड्यातनं दोन दिवस जाते. मागच्या वर्षी एचआरनं सांगितलं, सांधेदुखी कंबरदुखीवाल्या लोकांना कंपनीकडून सपोर्ट किती मिळतो त्याचा सर्व्हे करा, मॅनेजमेंटला आकडा पाहिजे. दुखणं मोजायला नॉर्डिकचा फॉर्म आहेच, १९८७ पासून चालत आलेला, माणसाचं चित्र, शरीराचे ९ भाग, गेल्या १२ महिन्यांत कुठं दुखलं आणि गेल्या ७ दिवसांत कुठं. पण त्यात सपोर्टबद्दल काहीच नाही, म्हणून मागच्या पानावर एचआरनं आपले प्रश्न छापले. सुपरवायझर समजून घेतो का, बसायची सोय आहे का वगैरे, १ ते ५ मार्क द्या.

गठ्ठा परत आला तर पुढच्या पानावर मान, खांदा, मनगट सगळीकडे खुणा, आणि मागच्या पानावर सरसकट ५! फॉर्मवर टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा नंबर, आणि गोळा करणार लाईनचा सुपरवायझर, मग दुसरं काय येणार. आधीच सुचायला हवं होतं मला, असो.

त्यात एक फॉर्म वेगळा दिसला. पहिल्या तीन टिका वाकड्यातिकड्या, पुढच्या सगळ्या एकदम नीट. टोकन बघून लाईनवर गेले, इन्स्पेक्शनच्या मावशी निघाल्या.

"मावशी, फॉर्म तुम्हीच भरला ना?"

"तीन भरले, मग हिनं भरले. सकाळचं पेन धरवत नाही ओ मॅडम."

आमवात. बोटांचे सांधे सुजून गोल झालेले, मूठ अर्धीच वळते. आठवड्यातनं एकदाची गोळी बुधवारी रात्री घेतात, कारण इकडे सुट्टी गुरुवारची, मळमळायचं ते घरी मळमळू दे. शिफ्ट ७ ला सुरू होते आणि बोटं मोकळी व्हायला ९ वाजतात. तोवर शेजारची पोरगी दोघींच्या पार्टला गेज लावून माप बघते आणि मावशी दोघींचं व्हिज्युअल, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तपासायचं काम, बघतात, नंतर मावशी जास्तीचे पार्ट करून फिटंफाट करतात. सुपरवायझरला पत्ता नाही. आणि ती पोरगी कॉन्ट्रॅक्टवर, तिला ब्रेक दिला, म्हणजे कामावरनं थांबवलं, की संपलंच.

म्हटलं, मग बसायच्या सोयीला ५ कसे दिले?

त्यांनी पायानं टेबलाखालचं स्टूल दाखवलं. सीटवरचं प्लास्टिक तसंच, वर रिजेक्शनच्या लाल टॅगची गड्डी. "सोय आहे की. बसलं की विचारतात काम नाही का, मग कोण बसतंय!" तेव्हा फॅक्टरी ॲक्ट होता १९४८ चा, त्यात कलम ४४, उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची व्यवस्था पाहिजे. ऑडिटला ती व्यवस्था दिसते, प्लास्टिक कोण बघतंय.

मी सगळा सर्व्हे नव्यानं घेतला. टोकन काढलं, फॉर्म कॅन्टीनमधल्या पेटीत टाकायचे, आणि प्रत्येक सोयीला तीनच प्रश्न: आहे का, तुम्हाला लागते का, वापरता का, नसाल तर का नाही. शेवटी एक, तुम्हाला खरी मदत कोण करतं. सोय आहे म्हणणारे भरपूर, लागते म्हणणारेही बरेच, वापरतो म्हणणारं जवळपास कोणी नाही. आणि मदतीच्या रकान्यात बहुतेक 'शेजारचा', 'शेजारची', एकानं तर नुसतं 'आयोडेक्स' लिहिलेलं.

एचआरच्या साहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, पहिला सर्व्हे चांगला आला होता, हा तुम्ही बिघडवला." मावशींची शिफ्ट बदला म्हटलं तर म्हणे अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आमवाताचं नाव त्यात वेगळं नाही, आणि सर्टिफिकेटवर लागणारे ४० टक्के अपंगत्व भरायला बोटं पार वाकडी व्हायची वाट बघायची का? बरीच वादावादी झाली. शेवटी मावशींच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर जनरल शिफ्ट मिळाली, ९ ची.

मला वाटलं, चला, एक तरी काम झालं. पंधरा दिवसांनी मावशी ओएचसीत आल्या, मनगट शेकायला. जनरलची कंपनी बस त्यांच्या रूटला जात नाही, म्हणून पीएमपीच्या सिटी बसनं येतात, उभ्यानं. फॉर्म परत निघणार असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"मॅडम, बसचा दांडा धरवत नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"