पेटीचं ठिगळ

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढतोय, आठवणी पाठवा, दोन पानांच्या वर नको. मला खरं तर एकच गोष्ट लिहायचीय, ती पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, बाईंची. आख्खी शाळा त्यांना पेटीच्या बाईच म्हणायची त्यामुळं नाव लिहीत बसत नाही. मैदान, घंटा, गेटवरचा चिंचा-बोरांचा गाडा हे बाकीचे लिहितीलच.

1988 चा डिसेंबर, मी आठवी ब ला. नाताळच्या कार्यक्रमाची प्रॅक्टिस हॉलमध्ये चालायची. बाई ना. वा. टिळकांची भजनं बसवायच्या, आम्ही निम्म्याहून जास्त पोरं हिंदू नाहीतर मुसलमान, पण टाळ्या वाजवायला सगळ्यात पुढं, कारण प्रॅक्टिस असली की गणिताचा तास बुडायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत हॉल रिकामा होता आणि आमच्यातल्या एकानं पैज लावली की भात्याला भोक पाडलं की पेटी रडल्यागत वाजते. मी कंपासमधलं कर्कटक काढलं आणि भात्याच्या घडीत खुपसलं. रडली बिडली काय नाही, नुसतं फुस्स. घाबरून बाहेर ओढायला गेलो तर कर्कटक आडवं फिरलं आणि घडी चांगली बोटभर फाटली. कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला, सगळं तसंच टाकून पळालो.

त्या वर्षी नाताळला पेटी नव्हती. बाईंनी तबला आणि टाळ्यांवर कार्यक्रम निभावून नेला, सूर खाली घसरायला लागला की स्वतः मोठ्यानं गाऊन वर उचलायच्या. वर्गात चौकशी नाही, हेडसरांकडं तक्रार नाही, काहीच नाही. आणि तेच मला सोसेना. आमच्या आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "हितलं हितंच फेडायचं असतंय बाबा." मी रोज वाट बघायचो की आता कधी फेडायला लागतंय. अंबाबाईला नारळ पण बोललो, तरी पोटातली कळ जाईना.

जानेवारीत पेटी मिरजेहून दुरुस्त होऊन आली. भात्याला डाव्या अंगाला तपकिरी चामड्याचं ठिगळ, बाकी पेटी काळी, त्यामुळं लांबूनसुद्धा डोळ्यात भरायचं. मग मी भाषण पाठ केलं. बाई, पेटी मी फाडली, माझी चूक झाली, मी वर्षभर हॉल झाडून काढतो आणि पैसे थोडे थोडे करून देतो. स्टाफरूममध्ये गेलो, बाई एकट्याच वह्या तपासत होत्या. पेटी मी फाडली, झालं म्हणून. चूक झाली, तेही झालं. झाडायच्या वाक्यावर आलो तेवढ्यात बाईंनी ड्रॉवर उघडला आणि माझं कर्कटक माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्यावर मीच ब्लेडनं कोरलेलं माझं नाव. म्हणजे महिनाभर त्यांना माहीत होतं!

"भूमितीला लागत असेल की रे तुला," एवढंच म्हणाल्या.

"बाई, पण पैसे?"

"दिलेत."

"कुणी?"

"दिलेत म्हटलं ना. पळ, घंटा होईल."

140 रुपये झाले होते, हे मला नंतर शिपाईमामांकडनं कळलं. बाईंनी मिरजेला स्वतः पॅसेंजरनं नेली होती, पैसेही पदरचे.

पुढं बायबलच्या तासाला त्यांनी लूकच्या 15 व्या अध्यायातला धाकटा मुलगा शिकवला. सगळं उधळून परत येतो तो. वाटेत त्यानंही भाषण पाठ केलेलं असतं, मला चाकरासारखं ठेवा असं. बापाला तो लांबूनच दिसतो, बाप पळत येऊन गळ्यात पडतो, आणि ते चाकराचं वाक्य पोराच्या तोंडून शेवटपर्यंत बाहेरच पडत नाही, बाप आधीच कपडे आणा, अंगठी आणा करत सुटतो. बाई वाचता वाचता माझ्याकडं बघायच्या टाळत होत्या हे मला बरोबर कळलं.

एकानं विचारलंच, मग काय बी करावं आणि माफी मागावी, सोपंच की ओ बाई. बाई हसल्या, म्हणाल्या हा प्रश्न बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या वेळेपासूनचा आहे. पन्हाळ्याला जायचंय आणि गारगोटीच्या गाडीत बसलास, तर नुसतं रडून काय उपयोग, उतरायला नको का?

दुसरा तास आठवतो तो मत्तयच्या 18 व्या अध्यायाचा. चाकराचं दहा हजार तालान्ताचं कर्ज. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार, म्हणजे झाली सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस राबला तरी दोन लाख वर्षं. आणि तो मागतोय काय तर मुदत! धनी मुदत देत नाही, कर्जच सोडतो. मग हाच बाहेर येऊन शंभर दिनारासाठी सोबत्याचा गळा धरतो. बाईंचं म्हणणं, शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी, ती काय थोडी नाही, त्याचं दुखणं खोटं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

आता 26 वर्षं मी एका सहकारी बँकेत वसुलीला आहे. कर्ज राइट ऑफ केलं की लोकांना वाटतं माफ झालं. तसं नसतं, ते ताळेबंदातनं काढतात फक्त, तगादा चालूच राहतो. 2017 ला शेतकऱ्यांची दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली, 2019 च्या योजनेत दोन लाखांपर्यंतची, तिथं खातं खरंच शून्यावर आलं, कारण पैसे सरकारनं भरले. कुणीतरी भरल्याशिवाय माफी होत नाही. ख्रिस्ती लोक क्रूसाबद्दल जे सांगतात, की सोडणाऱ्यानंच भरलं, ते मला चर्चमध्ये नाही, वसुलीच्या टेबलावर कळलं, आणि कळलं तेव्हा डोळ्यासमोर मिरजेची पॅसेंजर आली, आणि मांडीवर पेटी घेऊन बसलेल्या बाई. प्रभूच्या प्रार्थनेत "आमची ऋणे आम्हांस सोड" असा शब्द आहे, ऋणे. आम्ही हिंदू पोरं पण रोज म्हणायचो, पाठ होतं म्हणून.

त्याच ओळीत आपण दुसऱ्याला सोडल्याचंही आहे आणि तिथं माझी गाडी अडते. धाकट्या भावाशी बांधावरनं नऊ वर्षं बोलणं नाही. दोन गुंठ्यांचा प्रश्न. सोडायचं म्हणजे ते दोन गुंठे माझ्या अंगावर घ्यायचे, हे हिशोबात पक्कं बसलंय, पण अजून सोडलेले नाहीत. बाई असत्या तर काही बोलल्या नसत्या, वह्या तपासत बसल्या असत्या.

मागच्या महिन्यात कामानं तिकडनं गेलो तर हॉलचं नूतनीकरण चाललेलं, खुर्च्या, एसी, स्टेजवर कीबोर्ड. चांगलं आहे, जमाना बदलतो. पण कुणीतरी जिन्याखालच्या खोलीत बघा. भात्याला डाव्या अंगाला तपकिरी ठिगळ असलेली काळी पेटी दिसली तर भंगारात घालू नका, मी येऊन घेऊन जातो. किती पैसे द्यायचे तेवढं कळवा.