लख्ख तासांचं घर

दुपारी आडवं पडल्यावर छताच्या कोपऱ्यात ओलीचा नकाशा दिसला की चारचौघांना वरची गच्ची आठवते. वास्तुरचनेचा नाद असलेल्याला मात्र प्वासी आठवतं. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीच्या काठी. तिथे ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे या वास्तुरचनाकारांनी साव्वा कुटुंबासाठी 1928 ते 1931 या काळात सुटीचं घर बांधलं, ‘व्हिला साव्वा’. विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या घरांपैकी हे एक, आणि गळणाऱ्या घरांतही त्याचा नंबर बराच वर लागावा.

जायचं तर पॅरिसहून आरईआर ‘ए’ या लोकल गाडीने, शेवटच्या स्टेशनापर्यंत. या गाडीला पुढे फाटे फुटतात, त्यामुळे फलाटावरच्या पाटीवर प्वासी लिहिलेलं बघूनच चढावं. नाहीतर भलत्याच गावी उतरायची वेळ येते. स्टेशनावरून चढाचा रस्ता, चालत वीस-पंचवीस मिनिटं, बसही आहे. सोमवारी घर बंद असतं, आणि नेमक्या सोमवारी फाटकाशी येऊन हळहळणारे पर्यटक कमी नसावेत.

फाटकाशी माळ्याचं छोटं घर आहे. मुख्य घराचीच धाकटी पाती वाटते, पण घाईत असलेले लोक ते ओलांडून पुढे जातात. मग झाडी सरते आणि गवतावर सडसडीत खांबांवर उचललेली पांढरी पेटी दिसते. फोटोत दिसते तेवढी ती मोठी नाही. खालच्या मजल्याच्या भिंती हिरव्या रंगवल्यात, म्हणजे झाडांत विरघळून जाव्यात आणि वरचं पांढरं तरंगत राहावं. काचेच्या भिंतीचं वळण मोटारीच्या वळणावर बेतलेलं आहे: गाडी घराखालून फिरून दाराशी यायची. म्हणून दार पलीकडच्या बाजूला. चालत येणाऱ्याला घराला वळसा घालावा लागतो. 1931 साली चालत कोण येणार होतं?

आत शिरल्या शिरल्या दिवाणखाना नाही. आहे एक हात धुवायचं बेसिन! ओसरीत खांबाशेजारी एकटंच उभं. बाहेरून आल्यावर हातपाय धुवून घरात यायची सवय असलेल्यांना त्यात नवल वाटू नये; युरोपातले समीक्षक मात्र त्याचे अर्थ लावत बसलेत. शेजारून गोल जिना चढतो आणि मधोमध उताराचा रॅम्प. जिना उरकायचा असतो, रॅम्प रेंगाळायचा. दोन्हींवरून एकदा एकदा जावं. नाहीतर अर्धं घर बघितलं असं होतं.

वरच्या मजल्यावर चारही बाजूंनी आडव्या खिडक्यांची पट्टी फिरते. अंगणवजा मोकळ्या गच्चीपाशी तिच्यात काच नाही, नुसती भोकाची चौकट आहे, आणि बाहेरून फरक कळू नये अशी योजना. नवरा-बायकोच्या खोलीत न्हाणीला भिंतच नाही, पडदा. टबाच्या काठाला फरशीचा, अंगाच्या वळणाचा आडवा पलंग बांधलाय. त्यावर पाठ टेकून बघायचा मोह भल्याभल्यांना होतो.

आणि याच न्हाणीत पाऊस यायचा. 1936 साली बाई साव्वांनी कॉर्बुझिएला कळवलं होतं की ओसरी गळते, रॅम्प गळतो, गॅरेजची भिंत भिजली आहे, आणि न्हाणीत तर पाणी येतंच आहे. त्यात गूढ काही नव्हतं. सपाट छतावर ढाळ कमी पडला की पाणी थांबतं. उन्हाथंडीने काँक्रीट फुगतं-आक्रसतं आणि पहिली भेग पडते ती कठड्याच्या बुडाशी, छताच्या काचेच्या चौकटीपाशी, नाहीतर पाइपाच्या तोंडाशी. आपल्याकडचा गवंडी म्हणूनच कठड्याच्या बुडाशी सिमेंटने कोपरा गोल करून घेतो, कोब्याला ढाळ देतो आणि गच्चीत पाणी भरून दोन-तीन दिवस बघत राहतो. कॉर्बुझिएच्या पुढच्या पिढ्यांनी भारतात हे शिकायला पुष्कळ पावसाळे घालवले. त्याने मात्र साव्वांना सुचवलं होतं म्हणतात, की ओसरीत टेबलावर एक वही ठेवा, येणारे लोक सह्या करतील!

घराचं लाडकं नाव ‘लख्ख तास’, फ्रेंचमध्ये ‘लेझ अर क्लेर’. 1940 मध्ये कुटुंब निघून गेलं. युद्धात जर्मनांनी तिथे गवत साठवलं, मग अमेरिकन सैन्य आलं. 1958 मध्ये गावाने जागा ताब्यात घेतली, कारण तिथे शाळा बांधायची होती. घर पाडायचंच बाकी होतं. जगभरातून आरडाओरडा झाला आणि 1965 च्या डिसेंबरात ते संरक्षित स्मारक ठरलं. कॉर्बुझिए त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला होता. 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते त्याच्याच चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलासोबत गेलं.

शाळा मात्र झालीच, घराला खेटून. तिचं नाव ल कॉर्बुझिए.

जमलं तर पावसाच्या दिवशी जावं. आता गळती थांबवलेली आहे, पण रॅम्पवर उभं राहून वर बघायला हरकत नाही.